दारात खुर्ची टाकून बसणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणून आत निघून जाता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जणी हिप-हॉप नाचाच्या सरावाला जागा शोधत सांगलीच्या गावभागात हिंडत होतो. गच्चीवर नाचलो की खालच्यांना आवाज, बागेत गेलो की पोरं मोबाइल काढून उभी. तुम्ही तळमजल्यावरची खोली उघडून दिलीत. 2019 च्या महापुरापासून ती बंद होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तेव्हाची मातकट रेघ त्या भिंतीवर अजून आहे, माझ्या डोक्याच्याही वर. भाडं विचारलं तर म्हणालात, "जाताना केर काढा म्हंजे झालं."

पण खोली मिळूनही घरचे सोडत नव्हते. मग तुम्ही सहाही घरी जाऊन सांगितलंत, "मी दारात बसते." आणि दर रविवारी चार ते सहा बसलात, मांडीवर गवारीची परात घेऊन.

एकदा विचारलंत, "हे हिप-हॉप आलं कुठनं?" मी सांगितलं, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे जमवायला तिनं 11 ऑगस्ट 1973 ला इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली, तिच्या भावानं, डीजे कूल हर्कनं, रेकॉर्ड वाजवल्या. हिप-हॉपची सुरुवात तिथून मानतात. तुम्ही म्हणालात, "म्हंजे पोरीनंच काढलं की हे!" ते वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

ब्रेकिंग म्हणजे हिप-हॉपमधला जमिनीलगतचा नाच, त्यातलं सिक्स-स्टेप मला महिनाभर जमत नव्हतं. हात जमिनीला टेकवून पाय गोल फिरवायचे, सहाव्या पावलाला पुन्हा मूळ जागी. मी तिसऱ्यालाच खाली बसायचे. तुम्ही शेंगा मोडता मोडता म्हणालात, "वजन टाचंवर घेतीस. चवड्यावर घे. बसफुगडीत पोरी हीच चूक करतात." त्याच संध्याकाळी जमलं.

2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंग आलं, मुलींमध्ये जपानच्या आमीनं सुवर्णपदक घेतलं. तेव्हापासून माझे बाबा 'नाच' न म्हणता 'प्रॅक्टिस' म्हणतात.

आणि आमची ती मैत्रीण. बोलताना अडखळते, हजेरीला 'हजर' म्हणायचं तरी तिला घाम फुटायचा. बीटवर रॅप करताना मात्र तिचा शब्द अडकत नाही. सायफरमध्ये आम्ही गोल करून उभ्या राहतो, एकेक जण मध्ये येते. तिनं पहिल्यांदा मध्ये येऊन भिंतीवरच्या त्या रेघेवर चार ओळी म्हटल्या. आम्हाला टाळ्या वाजवायचंही सुचेना. तुम्ही दारातून म्हणालात, "परत म्हण." काकू, तिला आजवर सगळ्यांनी "राहू दे, बस खाली" एवढंच सांगितलं होतं. तिनं परत म्हटल्या, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आता शाळेत वर्गातही ती हात वर करते.

आम्ही तीन वेगवेगळ्या शाळांतल्या. एरवी रस्त्यात एकमेकींना ओळखलंही नसतं. आता एकीच्या घरी काही बिनसलं तर बाकीच्या पाच जणी न सांगता दारात हजर असतात.

येत्या रविवारी आठवीतल्या दोन नव्या मुली येताहेत. एकीच्या आईनं मला एवढंच विचारलं, "त्या काकू बसतात ना दारात?"

मी हो म्हणून सांगितलंय.

तुमच्या,
आम्ही सहा जणी
सांगली