बाकावरच्या गोलकीपरला

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी वॉर्मअपपुरतीच. मॅच सुरू झाली की बाकावर." गोलकीपिंग सोडून डिफेन्सला जाऊ का, असंही विचारलंस. ते तू आणि तुझे सर ठरवा, मी त्यात पडत नाही. पण तुझ्या मामाने मला रात्री जागून फुटबॉल मॅच बघायची खोड लावली, तेव्हापासून एक स्पॅनिश गोलकीपर माझ्या फार आवडीचा आहे. पेपे रेइना. फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे बोलू देत नाहीस, म्हणून लिहून पाठवते.

हा काही ऐरागैरा नव्हे. बार्सिलोनाच्या अकादमीत तयार झाला, व्हिलारेआलकडून नाव कमावलं आणि 2005 ते 2013 इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर होता. 2006 च्या इंग्लंडमधल्या एफए कप फायनलमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध 3-3 झाल्यावर शूटआउटमध्ये त्याने चारपैकी तीन पेनल्टी अडवल्या. असा माणूस स्पेनच्या संघात मात्र मागेच, कारण बहुतेक वर्षं पुढे गोलकीपर इकर कॅसियास. रेइना चार विश्वचषकांना आणि दोन युरोंना, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धांना, संघाबरोबर गेला. या सहा स्पर्धांत मिळून खेळला किती? दोन सामने. 2008 च्या युरोत ग्रीसविरुद्ध आणि 2014 ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध. बाकी सगळं बाकावर.

आता जोहान्सबर्गची गोष्ट नीट वाच. 2010 च्या विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, स्पेन विरुद्ध पॅराग्वे, 0-0. दुसऱ्या हाफमध्ये स्पेनच्या पिकेने गोलसमोरच्या बॉक्समध्ये पॅराग्वेच्या कार्दोझोला धरून पाडलं आणि पॅराग्वेला पेनल्टी मिळाली. मारायला कार्दोझोच पुढे आला. तीनच महिन्यांपूर्वी, एप्रिलमध्ये, युरोपा लीग या क्लबांच्या स्पर्धेत हाच कार्दोझो पोर्तुगालच्या बेनफिकाकडून लिव्हरपूलविरुद्ध खेळला होता आणि एकाच सामन्यात त्याने रेइनाला दोन पेनल्टी मारल्या होत्या. दोन्ही गोल. दुसरा कुणी ती रात्र विसरायला बघेल. रेइनाने मात्र ती डोक्यात ठेवली आणि हा कुठे मारतो ते कॅसियासला सांगून ठेवलं. कॅसियासने झेप घेऊन बॉल नुसता अडवला नाही, छातीशी धरला. मग 83 व्या मिनिटाला स्पेनच्या व्हियाचा गोल झाला, बॉल एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टवर आपटून आत गेला, आणि स्पेन पुढे गेलं. सामना संपल्यावर रेइनाने काय सांगितलं होतं ते कॅसियासनेच जगाला सांगितलं. आठ दिवसांनी, रविवारी, ते जगज्जेते झाले. रेइना त्या स्पर्धेत एक मिनिटही खेळला नव्हता.

त्याच्या घरात हे आधी घडून गेलेलं होतं. वडील मिगेल रेइनाही गोलकीपर. 1966 च्या विश्वचषकाला ते संघात होते, पण मैदानात उतरलेच नाहीत. 1974 ची युरोपियन कप या क्लबांच्या स्पर्धेची फायनल ते अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून खेळले. जादा वेळेत लुइस आरागोनेसने गोल केला, कप जवळजवळ हातात आला आणि अगदी शेवटच्या क्षणी समोरच्या बायर्न म्युनिकच्या श्वार्झेनबेकने लांबून मारलेला बॉल आत गेला. दोन दिवसांनी पुन्हा सामना झाला, तो 4-0 ने हरले. गंमत म्हणजे 2008 ला पोराला युरोला घेऊन जाणारा स्पेनचा कोच हाच आरागोनेस. तो युरो जिंकून आल्यावर माद्रिदच्या चौकात तोबा गर्दीसमोर माइक होता रेइनाच्या हातात. एकेका खेळाडूची ओळख करून देत त्याने सगळ्यांना हसवून हसवून बेजार केलं. जळणारा माणूस असं करू शकत नाही, असं माझं मत.

नशीबही त्याचं विचित्रच म्हणायचं. 2009 ला संडरलँडविरुद्ध प्रेक्षकांतून आलेल्या बीच बॉलला आपटून बॉलने दिशा बदलली आणि गोल झाला. आणि 2025 च्या मे महिन्यात, बेचाळिसाव्या वर्षी, इटलीच्या कोमो क्लबकडून इंटर मिलानविरुद्ध निरोपाचा सामना खेळताना त्याला लाल कार्ड! मामा दोन दिवस हसत होता. मला नाही हसू आलं.

डिफेन्सला जायचं तर खुशाल जा, तुझे पाय चांगले आहेत. पण केवळ बाकाला कंटाळून जाऊ नकोस. त्या पहिल्या गोलकीपरशी तू बोलतेस का गं? पुढच्या मॅचला समोरच्या टीमची पेनल्टी कोण मारते, कुठल्या पायाने, धावत येताना कुठे बघते, हे तुम्हा दोघींपैकी कुणाला माहीत आहे? रविवारी फोन करशील तेव्हा मला हे सांग.

नवीन ग्लोव्हज कुरियरने पाठवलेत. साबण लावू नकोस, नुसत्या कोमट पाण्यात धू आणि उन्हात टाकू नकोस. डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे, तिलाही दे.

तुझी,
आई