ती फाइल उघडू नकोस

मिरज,
रविवार रात्र

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर म्हणालास, "आईसाठी नवा पिक्चर उतरवून ठेवलाय, येत्या शनिवारी लावतो." मी एसटीत होतो, नीट बोलता आलं नाही. तेव्हापासून मनाला घोर लागलाय. लावू नकोस रे. आधी हे वाच.

गेल्या महिन्यात मामांच्या डीटीपीच्या दुकानात काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मामेभावाने अशीच झिप (फाइलींचं गाठोडं) नेटवरून उतरवली. आत पिक्चरचं नाव, शेजारी व्हिडिओचं चित्र. डबल क्लिक केल्यावर क्षणभर एक काळी खिडकी चमकून गेली, मग खरंच छोटीशी क्लिप लागली आणि बंद पडली. प्रिंट खराब आहे म्हणून त्याने नाद सोडला. मी नंतर बघतो तर फाइल अवघी २ केबीची! दोन तासांचा पिक्चर एवढ्यात मावेल का? चित्राच्या कोपऱ्यात बारीकसा बाणही होता. म्हणजे तो पिक्चर नव्हेच, दुसरं काही चालू करणारा नुसता शॉर्टकट. एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारं नावाचं शेपूट, दाखवायची सोय चालू केली तरी विंडोज शॉर्टकटचं '.एलएनके' दाखवत नाही, म्हणून नाव वाचून काही कळत नाही. त्यातून पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधलाच हुकूम चालवणारा प्रोग्राम, चालू होतं आणि नेटवरून पुढचा माल मागवतं. २०२४ मध्ये मँडिएंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी हीच चाल उघड केली होती. शेवटी 'लुमा'सारखे पासवर्ड चोरणारे प्रोग्राम यायचे.

पासवर्ड तर जातातच, पण लॉगिनच्या कुकीजही, म्हणजे आपण आत शिरलोय हे लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या खुणाही, जातात. त्या हातात आल्या की ओटीपी न विचारता चोर मेलमध्ये शिरू शकतो. मामांचं मेल तसंच गेलं. त्यात गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांच्या प्रती होत्या. मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. एकेकाला फोन लावून माफी मागत होते.

तुझ्या लॅपटॉपवर छकुलीचे जन्मापासूनचे फोटो आहेत, वहिनींचं बँकेचं खातंही त्यावरच चालतं. फाइल उघडली नसशील तर आत्ता डिलीट कर. उघडली असशील तर आधी नेट तोड. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदल आणि प्रत्येक खात्यातून 'सगळीकडून लॉगआउट' कर. नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव.

शनिवारी मी हार्ड डिस्क घेऊन येतो, फोटो काढून घेऊ आणि मशीन फॉरमॅट करू. संध्याकाळी काकूंना थिएटरला नेऊ, तिकिटं मी काढतो.

तुझा,
दिन्या