शिरोरेषा जोडून दिलीत, काका

काका, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय कटवता, दोनदा झालंय हे, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय. नाव घेतलेलं नाहीये, घाबरू नका, पण सांगलीच्या गणपती पेठेत ज्यांनी लग्नपत्रिका छापून घेतल्यात त्यांना कळेलच कुणाबद्दल चाललंय ते.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. मी दिवसा कुपवाडला एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बिलं करते आणि रात्री माझ्या साइटवर वेबसाइटच्या रेडीमेड टेम्प्लेटबद्दल लिहिते. दुकानाची, क्लासची, हॉटेलची तयार डिझाइनं मिळतात, विकत घ्यायची, आपलं नाव, फोटो, मजकूर टाकायचा की झाली साइट चालू. माझ्या लिंकवरून कुणी घेतलं की कंपनी मला काही टक्के देते. लिंकला माझा नंबर चिकटवलेला असतो, समोरच्याच्या ब्राउझरमध्ये कुकी म्हणजे तो नंबर लक्षात ठेवणारी छोटी नोंद बसते आणि त्यानं ठरलेल्या दिवसांत खरेदी केली की ती माझ्या नावावर पडते. अ‍ॅफिलिएट म्हणतात याला. आई अजून "तुझी ती नेटवरची दलाली" म्हणते, आणि तसं बघितलं तर काही चुकीचं नाही म्हणत.

माझी पद्धत काय होती तर कंपनीचा डेमो उघडायचा, फीचर्स वाचायचे, तेच मराठीत लिहायचं, "फास्ट, देखणं, मोबाइलवर मस्त", आणि खाली लिंक. एकही टेम्प्लेट मी स्वतः टाकून बघितलेलं नव्हतं. लिहायला लाज वाटते पण नव्हतंच. एक टेम्प्लेट ५९ डॉलरचं, त्याचे ३० टक्के म्हणजे १७ डॉलर ७० सेंट, आणि ५० डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. आठ महिन्यांत दोन विकली गेली, ३५ डॉलर ४० सेंट. मग तासगावच्या एका बेदाणावाल्या दादांनी तिसरं घेतलं आणि आकडा ५३ डॉलर १० वर गेला, त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून स्क्रीन दाखवली.

चौथ्या दिवशी दादांचा फोन. "ताई, आमी बेदाणं इकतोय का कोडी घालतोय ते तरी कळू दे की माणसाला." उघडून बघितलं तर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात "उत्कृष्ट बेदाणे" लिहिलेलं आणि प्रत्येक अक्षर एकमेकाशी भांडण झाल्यासारखं लांब उभं, वरची रेघ तुकडे तुकडे झालेली, खाली दुसऱ्या ओळीच्या वेलांट्या पहिल्या ओळीच्या उकारांत घुसलेल्या. इंग्रजी डेमोत हेच हेडिंग किती झकास दिसत होतं! मी काय केलं, कंपनीच्या सपोर्टला मेल करा म्हणून सांगितलं आणि मोकळी झाले. त्यांनी मेल केला, पण रिफंडसाठी. माझं कमिशन उलटं फिरलं, परत ३५ डॉलर ४०.

दादांच्या बॉक्सची लेबलं तुमच्याकडे छापली जातात हे मला काय माहीत. त्यांनी तुमच्याकडे गाऱ्हाणं घातलं आणि तुम्ही त्यांच्याकडूनच माझा नंबर घेऊन फोन केलात, "ये जरा प्रेसवर, ते काय झालंय ते बघू." मी ओरडा खायच्या तयारीनं आले होते. तुम्ही स्टूल पुढं सरकवलंत आणि खिशातनं भिंग काढलंत. स्क्रीनवर भिंग लावणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला, काका.

मग तुम्ही भिंतीकडं बोट केलंत. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुराची रेघ, कपाटाच्या वर, अजून रंग दिलेला नाही तुम्ही. "ही बघ. कृष्णामाईनं काढलीय. कुठं तुटलीय का? अक्षराची रेघ अशी सलग पाहिजे." आणि मग म्हणालात की इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात, त्यांच्यात फट वाढवली की रुबाबदार दिसतात, आपली अक्षरं एकाच रेघेला लटकलेली, तिथं फट टाकलीस की रेघच तुटणार, हे पत्रिका जुळवणाऱ्या पोरालाही कळतं. तुम्हाला सीएसएस, म्हणजे साइट दिसेल कशी ते ठरवणारा कोड, हा शब्द माहीत नव्हता आणि तरी रोग बरोबर पकडलात. मी तिथंच फोनवर बघितलं, टेम्प्लेटमध्ये हेडिंगला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली फट, ३ पिक्सेल टाकलेलं होतं. शून्य केलं, रेघ जुळली. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १ होती ती दीड केली, वेलांट्या आणि उकार एकमेकांच्या वाटेतनं बाजूला झाले. फॉन्ट फक्त इंग्रजी अक्षरांचा लोड होत होता, म्हणून मराठीला ज्याच्या त्याच्या मोबाइलमधला कुठलातरी फॉन्ट लागत होता, तिथं मुक्त नावाचा फॉन्ट घातला, तो फुकट आहे आणि त्यात देवनागरी आहे. सगळं मिळून चार ओळी. चार ओळींपायी मी गिऱ्हाईक घालवलं होतं.

वर तुम्ही म्हणालात, "हा ल हिंदीचा लागलाय." मला आजवर ल हा ल च वाटायचा. मग कळलं की काही फॉन्टांत मराठीचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगावं लागतं, नाहीतर हिंदीवाले येतात. हे मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं.

निघताना तुम्ही पत्रिकेच्या वाया गेलेल्या कार्डामागं एक ओळ लिहून दिलीत, "श्रीकृपेने तऱ्हेतऱ्हेचे उत्कृष्ट बेदाणे वर्षभर शिल्लक". म्हणालात, नवा टाइप आला की आम्ही अशीच ओळ लावून बघायचो, यात सगळी भांडखोर अक्षरं आहेत, ही नीट बसली तर बाकीची बसतात. ते कार्ड माझ्या लॅपटॉपच्या कव्हरमध्ये आहे. आता मी कुठलंही टेम्प्लेट आधी टेस्ट साइटवर चढवते, ही ओळ हेडिंगला, मेनूला, बटणावर टाकते, साध्या मोबाइलवर उघडून बघते आणि मगच लिहिते. बरीचशी नापास होतात. नापास झालेल्यांचे स्क्रीनशॉटही टाकते, त्यातून एक पैसा मिळत नाही पण लोक तेच जास्त वाचतात, काय करणार!

दुसरी गोष्ट चहा पिताना झाली. "यात तुला किती सुटतात?" म्हणालात, मी सांगितलं. "मग गिऱ्हाईकाला सांगितलंस का?" मी गप्प. "यार्डात अडत्या किती घेतो ते लपून असतंय व्हय?" एवढंच बोललात आणि बशीतला चहा संपवलात. घरी येऊन शोधलं तर तसं सांगणं मनाच्या मोठेपणाची गोष्ट नाहीच, भारतीय जाहिरात मानक परिषदेचे (एएससीआय) २०२१ पासूनचे नियमच आहेत की पैसे मिळत असतील तर स्पष्ट लिहा, आणि गूगलनं तर २०१९ मध्येच असल्या लिंकच्या कोडमध्ये घालायला स्पॉन्सर्ड ही खूण दिली. मला वाटलं होतं असं लिहिलं तर कोण क्लिक करणार. आता प्रत्येक लेखाच्या वरतीच लिहिते की या लिंकवरून घेतलं तर मला कमिशन मिळतं, तुमची किंमत तेवढीच राहते, आणि विक्री अजिबात कमी झाली नाही, उलट एकानं मुद्दाम मेल करून विचारलं की तुमच्याच लिंकवरून घ्यायचंय, नेमकी कुठली दाबू.

दादांची साइट मी फुकट करून दिली, दुसऱ्या टेम्प्लेटवर. त्यांनी बेदाण्याचा बॉक्स पाठवला. तुमच्याकडची त्यांची जुनी श्रीलिपीतली (छपाईवाल्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) फाइल तशीच कॉपी-पेस्ट केली तर बेदाण्याच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला झाला होता, आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी म्हणूनच दिसणाऱ्या अक्षरांत, आणावी लागली, तेव्हा तुम्ही पोटभर हसलात ते आठवतंय.

तर सांगायचं ते हे की गेल्या महिन्यात ५० डॉलरची रेघ ओलांडली आणि या वेळी रिफंड नाही आला. डब्ल्यू-एट-बेन का काय तो अमेरिकेचा कराचा फॉर्म भरला, बँकेनं पैसे कशाचे म्हणून पर्पज कोड विचारला, ते सगळं आमच्या बिलांच्या कामामुळं जमलं, आणि गुरुवारी पैसे खात्यात आले. रक्कम सांगत नाही, सांगली ते पुणे जाऊन येण्याइतकी आहे समजा.

तुमची शुगर आहे म्हणून पेढे आणत नाही, भडंग आणते, तिखट कमी सांगितलंय. शनिवारी चारला येते. एक नवीन टेम्प्लेट बघितलंय, ओळ टाकली, सगळं बसलं, फक्त "शिल्लक"मधला ल्ल मला जरा चुकल्यासारखा वाटतोय. भिंग काढून ठेवा.

तुमची,
बेदाणेवाली पोरगी