खणात पडून राहिलेले श्रवणयंत्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात माझा बँकेचा अर्ज दुसऱ्यांदा चुकल्याचे कळल्यावर तू मायेने म्हणालास, "आई, या वयात कशाला त्रास करून घेतेस? मी भरतो." तुझ्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही, पण फोन ठेवल्यावरही ते वाक्य माझ्या मनात घोळत राहिले आणि अर्जाला पुन्हा हात लावावासा वाटेना. अशा चुका मी तिशीतही करीत असे. तेव्हा त्यांना धांदल म्हणत, आता वय म्हणतात, एवढाच काय तो फरक.

तुला एक गोष्ट मी आजवर सांगितलेली नाही. माझे श्रवणयंत्र तू समजतोस त्याच्या चार महिने आधीच घरात आले होते. रीतसर तपासणी करून, पैसे मोजून आणलेले ते यंत्र मी डबीसकट कपाटाच्या खणात ठेवून दिले, कारण ते कानावर चढले की आपण म्हाताऱ्या झालो हे चारचौघांत जाहीर होईल, असे मला वाटत होते. त्या चार महिन्यांत मैत्रिणींच्या गप्पांमध्ये मी नुसती मान डोलवीत असे; एकदा कुणाच्या तरी आजारपणाची हकीकत चालली असताना मी हसले, आणि त्या दिवसानंतर जाणेच बंद केले. निवृत्तीनंतर माणूस एकटा पडायचाच, अशी मी स्वतःची समजूत घातली. ऐकू कमी येत होते हे खरेच, परंतु मला घरात कोंडले ते त्या समजुतीने.

पुढे याविषयी वाचताना बेका लेव्ही या अमेरिकन संशोधिकेचा 2002 सालचा अभ्यास माझ्या वाचनात आला. ओहायो राज्यातील एका लहान गावातील, पन्नाशी ओलांडलेल्या 660 जणांना 1975 साली त्यांच्या स्वतःच्या वाढत्या वयाविषयी काही प्रश्न विचारले होते. वय वाढले की आपला उपयोग कमी होतो असे वाटते का, हा त्यांपैकी एक. स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने पाहणारी माणसे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगली, आणि वय, आर्थिक स्थिती, एकटेपणा व प्रकृती यांतले फरक हिशेबात धरूनही हा संबंध टिकून राहिला. अर्थात, अशा पाहणीतून एकामुळेच दुसरे घडले हे सिद्ध होत नाही. तू हे म्हणशील हे ठाऊक आहे, म्हणून आधीच लिहिते. तरीही त्यामागची वाट मला माझ्या खणावरून कळते. "या वयात दुखायचेच" असे ज्याने ठरवून टाकले तो डॉक्टरकडे जात नाही, व्यायाम सोडतो, औषधाच्या वेळा चुकवतो. मग प्रकृती खरोखरच ढासळते आणि त्याला आपलेच म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटते.

मात्र "मी अजून तरुणच आहे" असे घोकत बसणे हा यावरचा उपाय आहे, असे मला वाटत नाही. यंत्र खणात ठेवताना मी तेच तर करीत होते! आणि तुझे बाबा गेल्यानंतरचे पहिले वर्ष कुठल्याही चांगल्या समजुतीने हलके झाले नसते. ते दुःख भोगूनच सरले.

मला जवळची वाटते ती आर्थर रुबिन्स्टाइन या पियानोवादकाची रीत. उतारवयातही उत्तम वाजवणे कसे जमते, याचे त्यांनी दिलेले उत्तर मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस नेहमी सांगत: ते मोजक्याच रचना निवडत, त्यांचाच सराव अधिक करीत, आणि जलद भाग येण्याआधी मुद्दाम लय किंचित उतरवीत, म्हणजे पुढचा वेग आहे त्याहून अधिक भासे. बोटे मंदावली हे मान्य करून त्यांनी वाजवणे चालू ठेवले. मीही आता मोठ्या घोळक्यात बसत नाही. तिघी-चौघीच जमतो, आणि मी भिंतीला पाठ लावून बसते, कारण मागचा गोंगाट थांबला की यंत्रातून समोरच्या व्यक्तीचे बोलणे स्पष्ट येते. यंत्राची इवलीशी बॅटरी बदलायला पूर्वी दहा मिनिटे लागत आणि दोनदा तरी ती जमिनीवर घरंगळे. आता मी खाली पांढरा रुमाल अंथरते.

तर अर्ज मीच भरणार आहे. सकाळी, चष्मा पुसून, आधी कच्च्या कागदावर लिहून. अडले तर विचारीन, आणि विचारले तेवढेच सांग. फोनवर माझ्याशी ओरडून किंवा एकेक शब्द तोडून बोलू नकोस, त्याने उलट कमी समजते. नेहमीसारखेच बोल, फक्त तेव्हा दूरदर्शन संच बंद ठेव.

तुझी,
आई