आमचा हूम पाहायला आम्ही जैसलमेरला जाऊन आलो : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

विषय : नान्नजचा माळ आणि माळढोक

महोदय, सादर नमस्कार.

गेल्या डिसेंबरात मी, बायको आणि आमची सातवीतली मुलगी असे तिघं सोलापूरहून जैसलमेरला गेलो होतो. किल्ला पाहिला, हवेल्या पाहिल्या, पण एवढा प्रवास केला तो माळढोकासाठी. माझ्या वडिलांनी हा पक्षी घरापासून तासाभराच्या पायवाटेवर, ज्वारीच्या रानात पाहिला होता. आमच्याकडची जुनी माणसं त्याला हूम म्हणतात, कारण पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून जो आवाज काढतो तो तसाच घुमतो. वडील सांगायचे, पहाटे वाऱ्याची दिशा बरोबर असली की तो आवाज वस्तीपर्यंत यायचा. मी स्वतः तो कधी ऐकलेला नाही.

राजस्थानातलं राष्ट्रीय मरू उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. समच्या पुढे सुदासरीच्या कुंपणालगत आमच्या जीपवाल्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि हात न उचलता नुसत्या मानेने दिशा दाखवली. मला दुर्बिणीतून आधी एक पांढरा खांब दिसला. मग तो खांब चालायला लागला. डोक्यावर काळी टोपी, पाठ वाळलेल्या गवताच्या रंगाची, चोच जराशी वर धरलेली. बोराटीच्या झुडपापाशी थांबून त्याने एक बोर टिपलं, मान वर करून चहूकडे पाहिलं, मग दुसरं टिपलं. मागून आणखी दोन आले. वीसेक मिनिटं आम्ही पाहत होतो. त्या वेळात गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही.

मुलीकडे पक्ष्यांच्या नोंदींची वही आहे. आमच्या घराजवळच्या माळढोक अभयारण्याच्या, म्हणजे नान्नजच्या पानावर चंडोल आहे, धाविक आहे, काळवीट आहेत, एकदा दिसलेला लांडगा आहे. माझ्याबरोबर ती तिथे आठ वेळा आली, पण त्या पानावर माळढोक नाही. जैसलमेरच्या पानावर मात्र तिने लिहिलं, ‘माळढोक, ३’.

महोदय, जगात हा पक्षी आता उरला आहे दीडशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक एकट्या जैसलमेर जिल्ह्यात. आपल्याकडे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर जाहीर झालं होतं. कागदावर हा आकडा फार मोठा दिसला, पण त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. आमच्या एका चुलत्याला मुलीच्या लग्नासाठी दोन एकर रान विकायचं होतं, तर अभयारण्याच्या नावाने कागद अडला आणि पुढे वर्षभर अडूनच राहिला. असं घरोघरी झालं. ज्या पक्ष्याला आमच्या आज्या-पणज्या कधी हुसकावत नव्हत्या, त्याचं नाव निघालं की माणसं तोंड फिरवायला लागली. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. ते योग्यच झालं. पण तोवर पक्षी गेले होते, आणि अलीकडे बातमी येते ती एकट्यादुकट्याची.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या माळाला सरकारी कागदात पडीक म्हणतात. कुसळी, मारवेल, पवन्या जिथे गुडघाभर उगवतात, जिथे धनगरांची मेंढरं चरतात, लांडग्याची पिलं वाढतात, ती जमीन पडीक कशी? पण एकदा तसा शिक्का बसला की पुढचं सगळं आपोआप होतं. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं ठरलं, तेव्हा मोकळा दिसेल त्या माळावर खड्डे पडले. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावाजवळच्या माळावर मी पुन्हा तेच पाहिलं. उभ्या गवतातून दोरी धरून आखलेल्या रांगा, ओळीने खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी उपटून टाकलेला गवताचा मुळासकट ठोंब. बाजूला गिरिपुष्पाच्या रोपांचा टेम्पो उभा होता. काम करणाऱ्या बायकांना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘सर, हितं झाड जगत न्हाई, दरसाल लावतोय आमी.’

माझा झाडांना विरोध नाही, शाळेच्या आवारात मी स्वतः कडुलिंब लावले आहेत. पण माळढोकाची मादी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते आणि पंचवीस-सव्वीस दिवस त्यावर बसते. तिचं सगळं संरक्षण म्हणजे दूरवर दिसणारी मोकळी जमीन. तिच्याभोवती झाडांची भिंत उभी केली की कोल्हा जवळ येईपर्यंत तिला दिसत नाही, आणि झाडावर बसून कावळा अंडं हेरतो.

दुसरं संकट तारांचं. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, समोरचं त्याला नीट दिसत नाही. दहा-पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी आयत्या वेळी वळूही शकत नाही. थारमध्ये विजेच्या तारांना धडकून दरवर्षी अठराएक माळढोक मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. दीडशेतले अठरा! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. तो वाद राजस्थान-गुजरातचा, असं आपण म्हणतो. पण सौर आणि पवन ऊर्जेचे प्रकल्प सोलापूर जिल्ह्यातही येत आहेत. नान्नजच्या भोवतीच्या तारा कुठून जातात याचा नकाशा आपण आत्ताच करायला नको का?

आणि हे सगळं आत्ता का लिहितो आहे, तेही सांगतो. जैसलमेर जिल्ह्यातल्या सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांत आज पन्नासहून जास्त माळढोक आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. उद्या या पक्ष्यांची पुढची पिढी जुन्या माळांवर सोडायची वेळ येईल, तेव्हा कोणता माळ तयार आहे, हे विचारलं जाईल. त्या यादीत नान्नजचं नाव असावं, अशी मागणी महाराष्ट्राने केंद्राकडे आजच लेखी करावी, ही माझी पहिली विनंती. वाघासाठी आपण ताडोबात जे केलं ते देशाने पाहिलं. माळासाठी त्याचा दहावा हिस्सा जरी मन लावलं तरी पुष्कळ होईल.

दुसरी विनंती, अभयारण्यात आणि लगतच्या सरकारी माळावर नवं वृक्षारोपण थांबवा, आणि आधी लावलेलं गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने काढा.

तिसरी शेतकऱ्यांसाठी. हूम आमच्या कोरडवाहू रानातच पोट भरायचा, ज्वारीतले नाकतोडे, करडई आणि हरभऱ्यावरचे किडे खायचा. उजनीचं पाणी आलं तसा ऊस आला, आणि त्यासाठी मी कुणाला दोष देणार नाही, ज्वारीत दोन पैसे सुटत नाहीत. पण अभयारण्याच्या कडेला जो शेतकरी आजही मालदांडी ज्वारी पेरतो त्याला एकरी अनुदान द्या. त्याला पक्ष्याची नोटीस पाठवू नका, पक्ष्याच्या नावाने चेक पाठवा. इंदापूर-बारामतीच्या माळावर गवताळ सफारी सुरू झाली, स्थानिक पोरं लोकांना लांडगे दाखवतात. आमच्याकडची पोरंही हे करतील, फक्त विणीच्या काळात माळ बंद ठेवा.

महोदय, एकदा नान्नजला या. मृगाचे दोन पाऊस झाले की आठवड्याभरात माळ हिरवा होतो आणि सकाळी धुक्यात काळविटांचा कळप रस्ता ओलांडतो. पक्षी पाहायच्या मनोऱ्यापर्यंत चालत जायला वेळ लागत नाही. आपण येणार असाल तर मी बरोबर येईन, मुलगीही येईल, तिची वही घेऊन.

आपला,
उत्तर सोलापूर तालुक्यातील एक शिक्षक