डावा कान

वसंत विहार, ठाणे
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र परवा मिळालं. डावा कान गेला हे तू फोनवर सांगितलंच होतंस. सकाळी उठलास आणि त्या बाजूचं सगळं बंद. मग डॉक्टर, कानात दिलेली इंजेक्शनं, दर आठवड्याचा तो आलेख, आणि शेवटी 'आता यापुढे फारसं काही होणार नाही' हे वाक्य. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस ते मात्र मला सोसलं नाही. 'आता गाणी लावावीशी वाटत नाहीत, अर्धंच ऐकू येतं. सीडी, रेकॉर्डी सगळं देऊन टाकतोय, कोणी घेणारं असेल तर सांग.'

घेणारं कोणी नाही. आणि निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी काही देऊ नकोस.

नौपाड्यातली तुझी खोली आठव. जिन्याखालून वर चढलं की उजवीकडे, खिडकीत तुळस, आणि कपाटावर मोठ्या भावाचा तो कॅसेट डेक. त्याचा डावा चॅनेल मेला होता. दोनदा उघडून पाहिला, हेड स्पिरिटने पुसलं, वायरी हलवून पाहिल्या, पण डावा स्पीकर काही बोलला नाही. नवीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून आपण तसंच ऐकलं. नव्वद मिनिटांची एकच कॅसेट, एका बाजूला पिंक फ्लॉइडचा आल्बम 'डार्क साइड ऑफ द मून', दुसऱ्या बाजूला ईगल्सचा 'हॉटेल कॅलिफोर्निया'. दोन्ही 43 मिनिटांचे, बाजू 45 मिनिटांची. उरलेली दीड-दोन मिनिटं नुसती खरखर, आणि आपण तीही बसून ऐकायचो, कारण उठून बटण दाबायची कोणालाच इच्छा नसायची.

'डार्क साइड'मधलं 'मनी' पहिल्यांदा लागलं तेव्हा तू मांडीवर टाळी धरलीस आणि म्हणालास, 'अरे, हा रूपक आहे!' ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रा. तबल्याच्या क्लासला जाणारा पोरगा तू, तुला लगेच कळलं. पिंक फ्लॉइडच्या रॉजर वॉटर्सने नाणी, फाटणारा कागद, दुकानातल्या गल्ल्याचा खणखणाट असे तुकडे टेपवर कापून त्यांची माळ केली होती, हे आपल्याला फार पुढे कळलं. पण तेव्हा आपल्या डेकवर ती माळ तुटलेली होती. आवाज डावीकडे गेला की मात्रा गळायची. आपण त्या गळलेल्या मात्रा मनातून भरत होतो, तू बोटांनी आणि मी मान हलवून. तीन वर्षं आपण तो आल्बम तसाच ऐकला आणि जीव टाकला त्याच्यावर. बाळ्या, आपली सुरुवातच एका कानाने झालीय.

म्हणून सांगतो, ऐक.

माझ्या हॉलमध्ये आता पाच स्पीकर आणि एक सब-वूफर आहे. समोर तीन, मागे दोन. तू शेवटचा आला होतास तेव्हा यातलं काही नव्हतं. हॉल म्हणजे जेमतेम दहा बाय चौदा, सोफा भिंतीला चिकटलेला. मागचे स्पीकर बसणाऱ्याच्या कानाच्या जरा मागे, बाजूला लागतात, समोरच्या मध्यरेषेपासून साधारण 110 अंशांवर. सोफा भिंतीला असेल तर ते जमतच नाही. शेवटी तो तीन फूट पुढे ओढला. तुझ्या वहिनीने आठवडाभर अडखळत ये-जा केली आणि मग मागच्या मोकळ्या जागेत स्वतःच पुस्तकांचं कपाट आणून ठेवलं, त्यानेही आवाज छान विखुरतो. डावीकडची भिंत कोरी होती, टाळी वाजवली की टणत्कार यायचा. तिथे आईची गोधडी टांगली. जुन्या नऊवारीची, हाताने धावदोरा घातलेली, एका कोपऱ्यात तिने माझं नाव उलट्या टाक्याने लिहिलंय तीच. टणत्कार गेला. मग टेप घेऊन प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजलं, कारण आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो, आणि जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर लावला की सगळे आवाज कानाशी एकाच वेळी येतात.

एवढं करूनही पहिले दोन महिने काहीतरी चुकत होतं. मागून येणारा आवाज पोकळ वाटायचा, जाड सूर कुठे विरघळून जायचे कळायचं नाही. शेवटी एका रविवारी दुपारी मागचा उजवा स्पीकर काढून पाहिला तर लाल वायर काळ्या खुंटीत. जोडून देणाऱ्याने उलटी लावली होती. एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जायचा आणि दोघे मिळून एकमेकांचं म्हणणं खोडायचे. वायर सरळ केली आणि त्याच क्षणी खोली भरली. मी तसाच जमिनीवर बसून अख्खा आल्बम ऐकला.

तो आल्बम कोणता हे सांगायला नको. 'डार्क साइड'च, 1973 साली आलेला, पण मी ऐकतो ती 2003 ची सुपर ऑडिओ सीडी, जेम्स गथ्री या ध्वनितंत्रज्ञाने मूळ टेपांवरून पाच अधिक एक चॅनेलसाठी नव्याने मिसळलेली. त्या डिस्कला दोन थर असतात. एक साध्या सीडी प्लेअरला वाचता येतो, दुसरा फक्त त्यासाठीच्या प्लेअरला. त्यातल्या 'टाइम' गाण्याच्या सुरुवातीची घड्याळं वाजली, बाळ्या, आणि मी मान मागे वळवली. खरोखर वळवली, गोधडीच्या दिशेने. एक घड्याळ तिथे वाजत होतं.

तू म्हणशील, हे सगळं मागाहून चिकटवलेलं. आपण कॉलेजात असताना तू असल्या गोष्टींना 'जत्रेतला खेळ' म्हणायचास. या आल्बमपुरतं तरी ते खरं नाही. पिंक फ्लॉइडने लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये 1967 च्या मे महिन्यातच आवाज सभागृहभर फिरवला होता. एका पेटीवर दांडी असायची, ती फिरवली की आवाज एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जायचा. 'टाइम'मधली ती घड्याळं आल्बमचा ध्वनितंत्रज्ञ अ‍ॅलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपली, आणि तीही मुळात चार चॅनेलच्या प्रात्यक्षिकासाठी. आल्बमचं चार चॅनेलचं मिश्रणही त्यानेच केलं. म्हणजे ती घड्याळं जन्मली तीच चारही बाजूंना वाजण्यासाठी. आपल्याला दोन बाजू मिळाल्या, आणि त्यातलीही एक आपल्या डेकने खाल्ली.

सगळेच आल्बम असे नाहीत, हेही सांगतो. काहींमध्ये ड्रम उगाच खोलीभर उड्या मारतो, तसलं मी एकदा ऐकून कपाटात ठेवतो. मला आवडतं ते आरतीसारखं. गणपतीत तुमच्या घरी आपण मधोमध उभे असायचो, पेटी समोर, तुझा तबला डावीकडे, झांजा मागे, आणि तुझ्या आजोबांचा तो जाड आवाज कुठून तरी भिंतीतून यायचा. कोणी म्हटलं का, की हा आवाज नाट्यगृहासारखा नुसता समोरूनच यायला हवा?

किंग क्रिमसनचा पहिला आल्बम, 1969 चा, तसा आहे. स्टीव्हन विल्सनने 2009 मध्ये मूळ आठ ट्रॅकच्या टेपांवरून तो नव्याने मिसळला. मेलोट्रॉन म्हणजे आपल्या पेटीसारखंच पट्ट्यांचं वाद्य, फक्त प्रत्येक पट्टीखाली सूर टिपलेल्या टेपचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की ती टेप चालते. शेवटच्या गाण्यात तो मेलोट्रॉन उठतो तेव्हा तो समोर नसतो, आपण त्याच्या आत असतो. आणि क्वीनचा 1975 चा, ज्यात 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' आहे तो. त्यात 'द प्रॉफेट्स साँग' नावाचं गाणं आहे, मधे वाद्यं थांबतात आणि फ्रेडी मर्क्युरीचा एकच आवाज स्वतःच्याच मागोमाग येत राहतो. दोन स्पीकरवर ते छान वाटतं. पाचांवर तो आवाज आपल्याभोवती फेर धरतो. तुझ्या साताऱ्यापासून घाट चढून गेलं की पांचगणी, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला मुलगा तो. घाटात हाक मारली की ती फिरून येते ना, तशी.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र वाचून झाल्यावर रात्री जेवणं आटोपली, आणि मी डाव्या कानात फोमचा बोळा घातला, कारखान्यात मशिनीजवळ घालतो तो, आणि वर कापूस बांधला. तुझ्याइतका बंद होत नाही, पण बऱ्यापैकी होतो.

आधी हेडफोन लावले, कारण तू ते लावतोस हे मला माहीत आहे. तू म्हणतोस ते खरं आहे. अर्धं गेलं. डाव्या बाजूचं जे काही आहे ते डाव्या कानालाच मिळतं, उजव्याला त्याचा मागमूस नाही. पुन्हा नौपाडा. तू मोबाइलमध्ये मोनो करून बघ, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र होऊन एकाच कानाला मिळतील, निदान गळलेलं परत येईल.

मग हेडफोन काढून स्पीकर लावले, तीच डिस्क. आणि अरे, काही गळलं नाही. खोलीत आवाज मोकळा असतो, कुठल्याही स्पीकरचा असला तरी उजव्या कानाशी येतो. जाड सूर डोक्याला वळसा घालून येतात, बारीक सूर मात्र डोक्याच्या सावलीत अडतात, डावीकडची झांज मंद झाली. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकर वेगळा लहान-मोठा करता येतो, म्हणून डावीकडचे दोन्ही तीन डेसिबलने वाढवले. झांज परत आली.

खोटं सांगणार नाही. दिशा गेली. घड्याळं सगळी उजवीकडे एका ढिगात पडल्यासारखी वाटली, आणि मला तिथेच प्लेअर बंद करावासा वाटला, तुझं वाक्य काय आहे ते तेव्हा कळलं. पण बसून राहिलो. मग सहज मान हळूहळू वळवायला लागलो, जशी आपण रात्री कोणी हाक मारली का ते बघायला वळवतो. एक घड्याळ चढलं, दुसरं उतरलं. दोन-तीनदा तसं केल्यावर कुठलं कुठे आहे ते समजायला लागलं, आधी कानाला नाही तर मानेला. 'मनी' लागलं, गल्ल्याचा आवाज खोलीला चक्कर मारायला लागला, आणि मी डोळे मिटून मान फिरवत सात मोजले. एकही मात्रा गळाली नाही, बाळ्या. बोळा कानात असताना.

हे हेडफोनवर होत नाही, कारण मान वळवली की हेडफोनही वळतो. खोलीत स्पीकर जागचे हलत नाहीत, म्हणून एका कानालाही शोधायला काहीतरी उरतं. सोफ्याऐवजी तुला फिरती खुर्ची देणार आहे, मुलीच्या टेबलाची. तिने कबूल केलंय.

रेकॉर्डींबद्दल एक. आपण चोर बाजारात मटन स्ट्रीटवर घेतलेली सांतानाची 'अब्रॅक्सास', कव्हर पावसाने फुगलेली, तिच्यावर कोपऱ्यात 'एसक्यू' छापलंय, आठवतं? तेव्हा आपल्याला वाटलं कंपनीची काहीतरी खूण असेल. ती चार चॅनेलची रेकॉर्ड आहे. चार चॅनेल गुंफून दोनात बसवायचे आणि ऐकताना डीकोडरने परत उलगडायचे, अशी ती पद्धत. त्याच सुमारास आणखी दोन-तीन पद्धती निघाल्या, एकीची रेकॉर्ड दुसरीच्या यंत्रावर नीट उलगडेना, लोक कंटाळले आणि दशक संपायच्या आत सगळ्या बंद पडल्या. पण खाचेत ते अजून आहे. पस्तीस वर्षं तुझ्या कपाटात चार कोपरे बंद पडून आहेत, आणि तू ती रद्दीच्या भावाने देणार होतास. अशी मिश्रणं पुष्कळदा त्या एका आवृत्तीतच असतात, ती संपली की दुकानात मिळत नाहीत. मी डिस्का जमवतो त्या त्यासाठी, आणि माझा प्लेअर बनवणाऱ्या कंपनीनेच तो धंदा बंद केल्यामुळे त्याची लेन्स बाळाच्या डोळ्यासारखी जपतो. डीकोडर मी बघतोय, जुना एक दुरुस्तीला आलाय असं लॅमिंग्टन रोडवरच्या ओळखीच्या माणसाने कळवलंय.

दिवाळी झाली की ये. बोरिवलीची एसटी धर, मी कॅडबरी जंक्शनला येतो. वहिनींनाही आण, दोघी तलावपाळीला फिरून येतील, आपल्याला तेवढी पहिली 43 मिनिटं पुरतील. 'अब्रॅक्सास' हातात धरून आण, सामानात टाकू नकोस, वाकेल. आणि ती नव्वदची कॅसेट असेल तर तीही. माझ्याकडे डेक आहे, दोन्ही चॅनेल चालू आहेत. तू बसशील तेव्हा मीही डाव्या कानात बोळा घालून बसणार आहे, आणि टाळी तू धरायचीस.

तुझा,
बंडू