जपानची सहल ठरवण्याआधी एकदा हे वाच

पुणे,
१८ जानेवारी

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात तू, वहिनी आणि काकू ग्रुप टूरने जपानला निघताय, हे कळून फार आनंद झाला. तू पाठवलेली तिन्ही टूर कंपन्यांची माहितीपत्रकं समोर ठेवूनच लिहितोय. तू विचारलंस, कोणाकडे ठिकाणं जास्त आहेत? माझं म्हणणं एवढंच आहे की ठिकाणं मोजू नकोस, तास मोज. दहा दिवसांत किती गावं "केली" यावर जपान कळत नाही. कोणत्या गावी किती वाजता पोहोचलो आणि तिथे पाय किती वेळ जमिनीला टेकले, यावर सहल चांगली की वाईट ते ठरतं.

आधी तारखा. २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा गोल्डन वीक. लागून सुट्ट्या आल्याने अख्खा देश प्रवासाला बाहेर पडतो. हॉटेलं महाग होतात, हायवे तुंबतात आणि प्रत्येक रांग दुप्पट होते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात क्योतो-तोक्योकडे त्यांचा पाऊस, म्हणजे त्सुयू, सुरू होतो. त्यामुळे ८ मे ते मेअखेर हीच खरी तुमची खिडकी. मात्र पत्रकावरचे साकुराचे, म्हणजे चेरीच्या बहराचे, गुलाबी फोटो विसर. तोक्यो-क्योतोचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपतो. मेमध्ये तिथे कोवळी हिरवी पालवी असते, आणि मेपलची ती हिरवाई साकुराच्या तोडीची आहे.

आता बस. तिथल्या कोच ड्रायव्हरच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले आहेत. एप्रिल २०२४पासून नियम आणखी कडक झाले: दोन पाळ्यांमध्ये किमान ९ तास विश्रांती द्यावीच लागते, आणि ११ तास मिळावी असा दंडक आहे. रात्रीचं जेवण लांबून बस दहाला डेपोत गेली, तर सकाळी सातच्या आत ती निघणार नाही. टूर मॅनेजरने कितीही विनवण्या केल्या तरी नाही. म्हणून एखाद्या दिवशी पाच ठिकाणं, मध्ये २५० किलोमीटर आणि रात्री "इंडियन डिनर" लिहिलेलं दिसलं, तर त्यातलं एखादं ठिकाण खिडकीतूनच बघायला मिळणार हे धरून चाल. "बाहेरून दर्शन" आणि "फोटो स्टॉप" हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित कर. प्रवेश आहे की नाही, ते तिथेच लपलेलं असतं.

बुलेट ट्रेनचंही तसंच. शिनकान्सेनचा प्रवास तिघांच्याही पत्रकात आहे, पण कुठून कुठे ते एकानेच लिहिलंय. तोक्यो ते क्योतो नोझोमी गाडीने साधारण सव्वादोन तास लागतात, आणि क्योतो ते शिन-ओसाका जेमतेम पंधरा मिनिटं! दोन्हीला "बुलेट ट्रेनचा अनुभव" म्हणता येतं. स्टेशनांची नावं लेखी माग. तोक्योहून क्योतोकडे जाणार असाल तर उजवीकडची दोनाची रांग, म्हणजे डी आणि ई सीट मागा. सुटल्यापासून पाऊण तासाच्या आसपास शिन-फुजी स्टेशनजवळ फुजी त्याच बाजूला येतो.

फुजीबद्दल एकच सल्ला. तो सकाळी दिसतो. दिवस चढला की ढग जमतात, आणि तोक्योहून सकाळी निघालेली बस पोहोचेपर्यंत बहुतेकदा पडदा पडलेला असतो. म्हणून कावागुची तलावाकाठी किंवा हाकोनेत एक मुक्काम असलेली सहल घे. पहाटे उठून खिडकी उघडली की ३७७६ मीटरचा तो डोंगर समोर असण्याची शक्यता खूपच वाढते. पाचव्या स्टेशनापर्यंत, म्हणजे चढाच्या पाचव्या टप्प्यापर्यंत, सुमारे २३०० मीटरवर, बस जाते. पण तिथे आपण फुजीच्या अंगावरच उभे असतो, त्यामुळे त्याचा तो प्रसिद्ध आकार तिथून दिसत नाही. ते वगळलं तरी हळहळू नकोस.

जिथे पैसे आणि वेळ दोन्ही सढळ हाताने खर्च करावेत असा दिवस म्हणजे तातेयामा-कुरोबे अल्पाइन रूट, बस, केबल कार आणि रोपवे बदलत बर्फाचे डोंगर ओलांडायचा मार्ग. मे महिन्यातल्या सहलीचा हा कणा आहे, आणि नेमका हाच दिवस सगळ्यात जास्त बिघडतो. तुमचा मार्ग नागानोकडून आहे, तेव्हा क्रम असा असेल: ओगिझावाहून इलेक्ट्रिक बसने १६ मिनिटांत कुरोबे धरण. धरणाच्या माथ्यावरून पंधरा मिनिटं चालत पलीकडे. मग संपूर्ण बोगद्यातून जाणारी केबल कार, ५ मिनिटं. तिच्या वरच्या टोकाहून रोपवे, ७ मिनिटं, आणि त्यात दोन्ही टोकांच्या मध्ये एकही खांब नाही. पुढे तातेयामाच्या पोटातल्या बोगद्यातून बसने १० मिनिटांत मुरोदो, २४५० मीटर. (कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अंदाज येईल.) मुरोदोहून डोंगरी बसने ५० मिनिटं बिजोदाइरा आणि शेवटी ७ मिनिटांची केबल कार, की तातेयामा स्टेशन.

बेरीज केलीस तर प्रवास दोन तासांचाही भरत नाही. तरी पूर्ण दिवस लागतो, कारण सहा वाहनं म्हणजे सहा रांगा. सगळ्यात अरुंद गळा रोपवेचा आहे, एका डब्यात सुमारे ८० माणसं. समोर दोन मोठे ग्रुप असले की तिथेच तास जातो. बर्फाच्या भिंतींमधली चालायची वाट, युकि-नो-ओतानि, मुरोदोला आहे आणि ती दुपारीच बंद होते. ओगिझावाहून उशिरा निघालेला ग्रुप रांगांत अडकला, तर पोहोचेपर्यंत वाट मिटलेली असू शकते. मग लोक बसच्या काचेतून भिंत बघतात आणि डोंगर उतरतात. म्हणून कंपनीला विचार, ओगिझावाची पहिली गाडी किती वाजताची आहे? साडेआठच्या आसपासची असेल तर डोळे झाकून हो म्हण. ग्रुपची आगाऊ वेळ घेतली आहे का, हेही विचार.

ती भिंत जवळून बघायची गोष्ट आहे. रस्त्यावरचा बर्फ यंत्राने उभा कापलेला असतो. काही वर्षी एप्रिलमध्ये तिची उंची २० मीटरच्या जवळ जाते, मेअखेर बरीच उतरते. हात लावण्याइतकं जवळ गेलं की पट्टे दिसतात. हिवाळ्यात एकेका वादळाने टाकलेला थर खालच्या थरावर दाबून बसलेला, मध्येच मळकट रेघ. लोक त्यात बोटाने नावं लिहितात. वहिनींना सांग, तिथे ऊन आणि बर्फ दोन्ही एकदम असतात. तापमान शून्याच्या जवळ असलं तरी चकाकी डोळ्यांना बोचते, गॉगल हवाच. तळाला खाचा असलेले बूट घ्या, कारण वितळलेलं पाणी रस्त्यावर वाहत असतं. काकूंचे गुडघे लक्षात घेता धरणाजवळ निरीक्षण-गच्चीवर जाणाऱ्या २२० पायऱ्या टाळा. खालून सरळ धरणाच्या माथ्यावर जाता येतं. आणि पत्रकात धरणातून उसळणाऱ्या पाण्याचा फोटो आहे ना, ते पाणी जूनच्या शेवटी सोडतात. मेमध्ये ते मिळणार नाही.

या दिवशी मोठ्या बॅगा सोबत नेता येत नाहीत. त्या बसमध्येच राहतात आणि ती रिकामी बस डोंगराला वळसा घालून पलीकडे न्यायला येते, किंवा ताक्क्युबिनने, म्हणजे कुरियरने, थेट पुढच्या हॉटेलात जातात. कुरियर बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचतं, म्हणून एका रात्रीचे कपडे, औषधं आणि चार्जर पाठीवरच्या पिशवीत हवेत. शिनकान्सेनसाठीही बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची चाकं-दांड्यासकट टेपने मोज. तिन्हींची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर डब्यातली शेवटची रांग आगाऊ राखून ठेवावी लागते, नाहीतर गाडीत १००० येन भरावे लागतात. माझा आग्रह आहे, माणशी एकच मध्यम बॅग. तिथल्या हॉटेलच्या खोल्या एवढ्या छोट्या असतात की दोन मोठ्या बॅगा एका वेळी उघडायला जमीन उरत नाही.

शिराकावा-गो या डोंगरातल्या जुन्या वस्तीला किमान दोन तास हवेत. पार्किंगहून झुलता पूल ओलांडून ओगिमाची गावात जायचं. तिथली गाशो-झुकुरी, म्हणजे उंच गवती छपरांची, घरं १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. एखाद्या घरात तिकीट काढून माळ्यावर चढाच, कारण बाहेरून ती चित्रासारखी वाटतात आणि आतून कळतात. जवळपास ६० अंशांचं ते गवताचं छप्पर खिळ्यांवर उभं नाही. तुळया दोरांनी आणि पिळलेल्या फांद्यांनी बांधलेल्या असतात. खालच्या चुलाण्याचा, इरोरीचा, धूर वर जातो, दोर आवळतो आणि कीड दूर ठेवतो. माळ्यावर रेशमाचे किडे पाळत, म्हणून इतक्या उंच जागा. छप्पर बदलायला अख्खं गाव मदतीला येतं. त्या प्रथेला युइ म्हणतात. कोकणात घर शाकारायला वाडी गोळा व्हायची, तसंच.

कानाझावात केनरोकुएन बाग आहे. सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएनवर बेतलेलं आहे. जपानच्या तीन नामवंत बागांपैकी कोराकुएन एक आणि केनरोकुएन दुसरी. जाण्याआधी एका सकाळी पुण्यात येऊन ते उद्यान निवांत पाहून जा. पाणी, टेकडी आणि वाट यांचा खेळ आधीच ओळखीचा झालेला असेल.

नारात हरणांना द्यायची बिस्किटं मिळतात. हातात धरून रेंगाळू नका, पटकन देऊन रिकामे तळवे दाखवा. नाहीतर ती ओढणी, नकाशा, जे मिळेल ते ओढतात. काकूंनी जरा लांबच थांबावं. तोदाइ-जी मंदिरातला बुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे. इ. स. ७५२ मध्ये त्याचे नेत्र उघडण्याचा विधी भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने केला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे रेखण्यात सगळ्यांचा हात. हे गाइडने सांगितलं नाही तर तू काकूंना सांग.

क्योतोत फुशिमी इनारी या डोंगरावरच्या मंदिरात गर्दी पहिल्या वीस मिनिटांच्या वाटेवरच असते. सकाळी आठच्या आत पोहोचणारा ग्रुप असेल तरच ते ठिकाण खरं दिसतं. ते चोवीस तास उघडं असतं, त्यामुळे लवकर न नेण्याला सबब नाही. गिओन या गेइशांच्या जुन्या भागातल्या खाजगी गल्ल्यांत शिरू नका, १०,००० येन दंडाच्या पाट्या लागल्या आहेत.

आता जेवण. काकू पूर्ण शाकाहारी, म्हणून हे नीट वाच. तिथे "मांस नको" म्हटलं की मासा चालतो असंच समजतात. आणि मासा दिसत नाही, तो दाशीत असतो, वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या पाण्यात. मिसो सूप, सोबा शेवयांचा रस्सा, तेंपुरा या तळणासोबतचं सॉस, सगळ्यात तेच. तेंपुराच्या पिठात अंडंही असतं. क्योतोचं युदोफु, म्हणजे उकळलेलं तोफू, बऱ्याचदा नुसत्या कोंबूच्या, म्हणजे समुद्री वनस्पतीच्या, पाण्यात उकळतात, पण बुडवायचं सॉस माशाचं असू शकतं. करीच्या तयार मसाल्यात बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. निर्धास्त खावं ते शोजिन रयोरी, मठातलं जेवण. त्यात कांदा-लसूणही नसतो. ताकायामात सोया लावून भाजलेले मिताराशी दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, आणि दुकानातले काकडीचे कप्पा-माकी, म्हणजे भाताचे रोल, चालतील. टूर मॅनेजरकडून जपानी लिपीत एक कार्ड लिहून घ्या: मांस, मासा, दाशी, अंडं नको. तोंडी सांगण्यापेक्षा ते दहापट उपयोगी पडतं. रोज रात्री भारतीय जेवणाचा हट्ट मात्र धरू नका. त्या हॉटेलापर्यंत जाण्या-येण्यात दीड तास जातो आणि संध्याकाळची शहरं हातची सुटतात.

सामानात चिवडा, लाडू, भाकरवडी खुशाल न्या. हापूसची पेटी, कढीपत्ता किंवा मांसाचा कुठलाही पदार्थ नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. औषधांचं त्याहून गंभीर आहे. स्यूडोएफेड्रीन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या तिथे सरळ बंदीच्या यादीत आहेत, आणि कोडीनचं खोकल्याचं औषधही अडचणीत आणतं. पाकिटावरचे घटक वाचूनच बॅग भरा. काकूंची रोजची औषधं एक महिन्याच्या आत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. पासपोर्ट कायम अंगावर ठेवायचा, तो त्यांचा कायदाच आहे.

विजेची किटली नेणार असाल तर थांबा. तिथे १०० व्होल्ट आहेत. आपली २३० व्होल्टची १००० वॅटची किटली तिथे साधारण १९० वॅटनेच तापेल, म्हणजे लिटरभर पाण्याला अर्धा तास तरी. खोलीत त्यांची किटली असतेच. चपट्या दोन पिनांचे अडॅप्टर घ्या, मोबाइलचे चार्जर त्यावर नीट चालतात.

तोक्योत आसाकुसाला सेन्सो-जी मंदिर दाखवतील. तिथे मोकळा वेळ मिळाला तर दहा-पंधरा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन हे मंदिर आहे. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपती. मूर्ती दाखवत नाहीत, आणि नैवेद्य असतो पांढरा मुळा! तो तिथेच विकत मिळतो. टेकडीवर चढायला छोटी गाडी आहे, काकूंना त्रास होणार नाही. एकाही पत्रकात हे ठिकाण नाही, तेव्हा तुम्हीच वेळ काढा.

तिघांकडूनही हॉटेलांची नावं, अल्पाइन रूटची पहिली गाडी आणि शिनकान्सेनची स्टेशनं लेखी मागव आणि आली की मला पाठव. रविवारी बसून दिवसागणिक तास लिहून देतो. दुसऱ्या पत्रकातला ओसाकाचा शेवटचा दिवस मला आत्ताच पटलेला नाही, त्याबद्दल फोनवर बोलू.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की बुटांची खरेदी महिनाभर आधी करून ते घालून रोज चालायला लागा.

तुझा,
अनंत